बनाबाईची फळी

सांगलीहून कपाट आलं ते उभं न येता आडवं आलं, आणि तेही गोणपाटात शिवून. कृष्णातनं आणि एका हमालानं ते एसटीच्या टपावरून खाली घेतलं, तेव्हा कवठ्याच्या स्टँडवर चहा पीत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी उठून हात जोडले म्हणे. यल्लाप्पा धनगराच्या धाकट्या पोरानं कुणाचं तरी मढंच आणलं असं त्यांना वाटलं. कृष्णात ही गोष्ट सांगून स्वतःच खदाखदा हसला आणि त्यानं अंगणात गोणपाट उसवायला घेतलं.

आत पत्र्याचे सपाट तुकडे होते, मोजकीच भोकं पाडलेल्या चार लोखंडी पट्ट्या होत्या आणि कापडी पिशवीत नटबोल्ट.

"ह्येला कपाट म्हणत्यात व्हय रं?" दगडाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "ही तर कपाटाची हाडं हायती."

"आये, हाडं जुळवली का मानूस हुबं ऱ्हातंय," कृष्णात म्हणाला. तीन वर्षं सांगलीच्या वर्कशॉपात काढल्यापासून जगातली कुठलीही अडचण पान्यानं सुटते अशी त्याची खात्री झाली होती. "अर्ध्या तासात हुबं करतो बघ. सुताराच्या घरी खेटं न्हाईत, रंध्याचा भुसा न्हाई, का वाळवी न्हाई."

उंब्रजहून खास या कामासाठी आलेली थोरली लेक आक्काताई पत्र्यावरून हात फिरवत होती. "आमच्या तिकडल्या आडत्याच्या घरात असलंच हाय. हिरवा रंग दिलाय. डबं कसं वळीनं बसत्यात!"

सगळे पत्र्याकडं बघत होते. हरणाबाई मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या लाकडी फळीकडं बघत होती. फळी सागवानी, हातभर रुंद, धुरानं काळी पडलेली. तिच्या कडेला हळदीकुंकवाची पुटं चढली होती. ती बनाबाईची फळी होती, आणि बनाबाई मरून चार वर्षं झाली होती.

हरणाबाई या घरात दुसरेपणावर आली त्याला दोन वर्षं झाली. थोरल्या बिराप्पाची ती दुसरी बायको. गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा चांदीचा टाक होता. नवं लुगडं नेसायचं तर आधी टाकाला लावायचं, गोड खायचं तर आधी टाकाला दाखवायचं. याचं तिला काही वाटत नसे. मेलेल्या बाईचा मान ठेवला तर कुणाचं काय जातं? पण मानाबरोबर घरात बनाबाईचं कौतुकही होतं, आणि ते मात्र उठताबसता कानावर पडायचं. बना उसासारखी सरळ होती. बना जमिनीवर उभी राहून वरच्या फळीवरची तुपाची बरणी झाडावरचा आंबा तोडावा तशी काढायची. तिच्या हाताच्या मापानंच ती फळी बसवली होती. हरणाबाईला तीच बरणी काढायला डबा पालथा घालून त्यावर चढावं लागायचं.

गेल्या भादव्यात डबा सरकला. ती पडली आणि चार महिन्यांचं पोट गेलं. फळी उंच आहे असं घरात कुणी म्हटलं नाही. बनाबाईच्या जागेत हात घातलेला तिला आवडला नाही, असं म्हणाले. तेव्हापासून दर अमावस्येला फळीवर बनाबाईसाठी ठेवायच्या ताटात दगडाबाई एक पोळी जास्त ठेवू लागली.

आता हरणाबाईला पुन्हा पाचवा महिना होता.

पावसाळ्यात धाब्याचा कोपरा खचला, म्हणून स्वयंपाकघराची मागची भिंत पाडून विटांची केली, वर कौलं घातली. भिंत पाडताना फळी उतरवली. ती पुन्हा त्याच उंचीला चढू द्यायची नाही, एवढं एकच हरणाबाईच्या मनात होतं. हे पोट राखायचं तर तेवढंच तिच्या हातात होतं. पण हे बोलून कसं दाखवायचं? घरात तिचा शब्द अजून कोवळा होता. म्हणून कृष्णातच्या पत्र्यांवर तिचा जीव लागला होता. पत्र्याला कुणाचंच माप नव्हतं.

सकाळी गोठ्यात धार काढताना तिनं नवऱ्याला विचारलं होतं.

"आवं, बनाक्का किती उंच हुती?"

बिराप्पा शेण ओढत होता. तो थांबला. "का गं?"

"असंच."

त्यानं आपल्या कानाजवळ हात नेला. मग जरा खाली आणला. मग पुन्हा वर नेला. "हितवर आसंल. आये सांगती की उंच हुती म्हणून."

"तुमाला सवताला आठवत न्हाई?"

"वरसातनं सात-आठ म्हैनं मी मेंढरामागं, करवंदीच्या जाळीत न्हाईतर कृष्णाकाठाला. घरात हाय तवर ती चुलीपाशी बसल्याली," बिराप्पा म्हणाला आणि कसनुसा हसला. "हुबी ऱ्हायल्याली लय बघितलीच न्हाई गं."

मेंढरं विकून जमीन घेतली ती नंतर. हरणाबाईला त्या मेलेल्या बाईची थोडी दया आली. आणि दया आली म्हणून थोडी भीतीही वाटली, कारण त्या घरात बनाबाई पूर्ण मेलेली नव्हती.

हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. भर दुपारी, बाराच्या सुमाराला, स्वयंपाकघर रिकामं असलं की आतून आवाज यायचा. भांडं पडल्याचा नाही, उंदराचाही नाही. लाकडावर नख ओढल्यासारखा. खर्र. मग थोडी शांतता. मग पुन्हा खर्र. कुणीतरी वरच्या फळीवर चाचपडतंय असा. आत जाऊन बघितलं तर काही नाही. म्हणून या घराची रीतच पडून गेली होती. बाराच्या आत भाकऱ्यांची टोपली आणि कालवण सोप्यात आणायचं, तिथंच जेवायचं, आणि ऊन कललं की मग आत जायचं. कृष्णात याला उंदीर म्हणायचा, पण सुट्टीवर आला की दुपारचं पाणी तोही बाहेरच्या रांजणातलंच प्यायचा.

पत्रे अंगणात पसरलेले असतानाच गुंडा सुतार आला. दगडाबाईनं त्याला गुपचूप सांगावा धाडला होता. म्हातारा, वाळका, तोंडाचा फटकळ. खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि हातात बांबूची लांब काठी. त्या काठीवर वरपासून खालपर्यंत चाकूच्या खाचा होत्या.

गुंडा सुतार टेप वापरत नसे. या भागात नवी सून आली आणि स्वयंपाकघरात फळी-फडताळ करायचं ठरलं, की तो सुनेला भिंतीला पाठ लावून उभी करायचा. टाचा जमिनीला, उजवा हात वर. हात पोहोचेल तिथं काठीवर खाच पाडायची, आणि त्या खाचेवर फळी. ज्या हाताचं घर, त्या हाताचं माप, असं तो म्हणायचा. एका गावातल्या चाळीस घरांच्या बायका त्या काठीवर उभ्या होत्या, आणि कुठली खाच कुणाची हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

पत्रे बघून त्यानं काठी टेकली. "कुणाच्या म्हशीचा सांगाडा हाय ह्यो?"

"कपाट हाय नाना," कृष्णात म्हणाला.

"असंल बाबा. हल्ली काय, मानसंबी सुटी करून पोत्यात घालत्यात."

"गुंडा, तू तिकडं ध्यान देऊ नगं," दगडाबाई घाईनं म्हणाली. "आत जा. जुन्या खाचंवर भिंतीला खूण कर आन् हीच फळी चढव. माप नव्यानं घ्यायचं काम न्हाई."

"जशी मर्जी," म्हणत गुंडा आत गेला. भिंत कालच लिंपली होती, अजून ओली होती. त्यानं काठी उभी धरली आणि कोळशानं एक रेघ ओढली. हरणाबाई दारातून बघत होती. रेघ तिच्या उभ्या हातापेक्षा वीतभर वर होती.

पण कृष्णात हट्टी होता. तो पत्रे उचलून आतच घेऊन आला. "खूण ऱ्हाऊ दे नाना. आदी माजं हुबं करतो. पसंत न्हाई पडलं तर तुमी हायसाच."

आक्काताईनं धाकट्याची बाजू घेतली. "व्हय आये. येवढ्या लांबनं आणलंय त्येनं. बघू तर दे."

दगडाबाईनं बिराप्पाकडं बघितलं. आईला दुखवायचं नाही आणि बायकोकडं बघायचं नाही, या बेतानं तो कौलं मोजत होता.

पाना फिरू लागला. बोल्ट कुरकुरले. खरोखरच अर्ध्या तासात चार पाय आणि एक पाठ असलेलं काहीतरी भिंतीशी उभं राहिलं. गुंडा दाराशी बसून तंबाखू मळत बघत होता.

"फळी कुठं लावू वैनी?" कृष्णातनं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा हरणाबाईला कुणी हे विचारलं होतं. ती पुढं झाली आणि तिनं हात वर केला. तिच्या हाताच्या जागी पट्टीला भोकच नव्हतं. एक भोक होतं ते वर, तिथं फक्त बोटांची टोकं लागत होती. त्याच्या खालचं भोक होतं ते पार गळ्याशी, तिथं फळी लावली तर खालच्या कप्प्यात घागर मावत नव्हती.

"हितं लाव की भावजी," ती दोन्हींच्या मधे बोट ठेवून म्हणाली.

"हितं कसं लावू? भोक कुठाय?"

गुंडा खुसखुसला. "बघा, सांगलीचं भोक सांगणार आन् आमच्या बाया हात तिथं नेणार. चोळी शिवायची तर अंगाला बेतायची का अंग चोळीला कापायचं?"

"खालचं चालंल मला," हरणाबाई पटकन म्हणाली. घागर बाहेर ठेवता येईल. वाकून काढता येईल. पडण्यापेक्षा वाकणं बरं. "आवं," तिनं नवऱ्याकडं वळून म्हटलं, आणि आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, "मला डब्यावर चढायचं न्हाई. ह्या वक्ताला न्हाई."

बिराप्पानं कौलांवरची नजर काढून तिच्या पोटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "लाव किस्ना," तो म्हणाला. "खालच्या भोकाला लाव. ती फळी ऱ्हाऊ दे."

दगडाबाईचा चेहरा एकदम उतरला. ती रागावेल असं हरणाबाईला वाटलं होतं. राग परवडला असता. म्हातारीच्या तोंडावर भीती होती. "लेकरानू, आसं करू नगा," ती पुटपुटली. "तिची जागा हाय ती. ती कुठं जाईल?"

तेवढ्यात आक्काताईनं सावलीकडं बघितलं आणि भाकऱ्यांची टोपली उचलली. बारा वाजत आले होते.

सोप्यात पानं मांडली. गुंडाही पंगतीला बसला. वांग्याचं कालवण, ज्वारीची भाकरी, कांदा. बाहेर चैत्राचं ऊन रखरखत होतं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. हरणाबाई वाढत होती आणि मनात म्हणत होती, झालं. सुटले. फळी तर अंगणात आहे, आत नुसती भिंत आहे. आता कशावर चाचपडशील बाई?

आणि आवाज आला.

खर्र.

कृष्णातचा घास हातातच राहिला. पुन्हा आला. या वेळी लाकडाचा नव्हता. ओल्या मातीवरून बोटं खाली घसरावीत तसा मऊ आणि जड. मग पत्रा एकदा हलका वाजला, अंग घासून गेल्यासारखा. मग पुन्हा बोटं.

"उंदीर हाय," कृष्णात म्हणाला, पण त्याची बोबडी वळली होती.

बिराप्पा उठला. त्याच्यामागं गुंडा, आणि मग सगळेच, एकमेकांना धरून. दाराशी आले तोवर आवाज थांबला होता. खोलीत कुणी नव्हतं. मागचं दार आतून कडी लावलेलं होतं. पत्र्याचं कपाट जागच्या जागी होतं. त्याच्या शेजारी ओल्या लिंपणावर चार रेघा उमटल्या होत्या, खालून वर गेलेल्या आणि वरून खाली घसरलेल्या. पुन्हा पुन्हा.

आक्काताईची पाचावर धारण बसली. "आये म्हणती तेच खरं हाय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. सकाळपासूनचा हिरवा रंग आणि ओळीनं बसणारे डबे ती कधीच विसरून गेली होती. "काढ रं किस्ना तुजा पत्रा. ती तिची फळी हुडकाया लागलीया. आसंल तितंच चढवा!"

"काढतो, काढतो," कृष्णात म्हणाला आणि पाना शोधू लागला. बिराप्पाही मान हलवत होता. एका घासाच्या अवधीत सगळं घर म्हातारीच्या बाजूला गेलं, आणि हरणाबाई एकटी पडली.

भीती तिलाही होती. पण ती त्या रेघांकडंच बघत होती, आणि तिला एक गोष्ट कळेना. कोळशाची रेघ वर होती. बोटांच्या रेघा तिथवर गेल्याच नव्हत्या. वीतभर खालीच सगळ्या संपत होत्या. जिचा हात जमिनीवरून बरणीला पोहोचायचा, तिची बोटं इतक्या खाली का थांबली?

"नाना," आक्काताई गुंडाला म्हणत होती, "आत्ताच्या आत्ता चढवा. बनीला बनीचं माप द्या म्हंजे ती गप ऱ्हाईल."

"कुनाचं माप?" गुंडानं विचारलं.

"बनीचं. तुमच्या काठीवरचं."

म्हातारा काठीकडं बघून गोंधळला. "बनाबाईचं माप मी कवा घेतलं?"

दगडाबाईनं भिंतीला हात टेकला.

"ही खाच," गुंडानं अंगठ्यानं दाखवली, "ही दगडाक्काची हाय. बिरापाचं लगीन झालं त्याच वरसाची. मी सुनंला म्हणलं, पोरी, हात वर कर. तर दगडाक्का म्हणली, तिला बस म्हणावं, मापाला मी हुबी ऱ्हाती. मला वाटलं, सासूचा हात अजून चालतोय, चालू दे. मला काय!" मग त्याला काहीतरी आठवलं. "बनाबाई कुठली उंच? आवं, माज्या खांद्याला लागत न्हवती ती. चिमणीयेवढं पोरगं हुतं."

बनाबाईच्या वेळी आक्काताई सासरी होती, कृष्णात पोरसवदा होता, आणि चार वर्षांत या घरानं मेलेल्या बाईला वीतभर उंच केलं होतं. मेलेलं माणूस तक्रार करत नाही. आपण जेवढं ताणू तेवढं ते ताणलं जातं.

हरणाबाई सासूसमोर जाऊन उभी राहिली. एरवी तिची हिंमत झाली नसती. "आत्याबाई," तिनं विचारलं, "बनाक्का कशानं गेली?"

"बाळंतपणात," बिराप्पानंच उत्तर दिलं. "चीनची लढाई चालली हुती त्या दिवाळीत. मी कऱ्हाडाकडं हुतो मेंढरं घिऊन. आलो तवा तिसरा दिस झाला हुता."

"मी आत्याबाईला इचारतीया."

दगडाबाई खाली बसली. उंच, हाडापेराची बाई, पण बसताना अगदी लहान झाली. बोलली ती भिंतीकडं बघून.

"सातवा लागला हुता तिला," ती म्हणाली. "दिवाळीचं तूप काढाया डब्यावर चढली. मी चुलीम्होरं बसल्याली. मला म्हणली, आत्याबाई, जरा बरणी काढून देता का, माजा हात लागंना. मी म्हणलं, चार वरसं झाली, अजून हात लागंना व्हय तुजा? चढ की." तिनं पदर तोंडावर धरला. "डबा घसारला."

"तू मला बाळंतपणात गेली म्हणून सांगितलंस," बिराप्पा म्हणाला.

"सातव्या म्हैन्याचं पोर झालं की रं मेल्यालं. ते बी बाळंतपणच."

बिराप्पानं आईकडं बघितलं, मग भिंतीवरच्या रेघांकडं, आणि तो तिथंच जमिनीवर मटकन बसला. त्याला रडायला आलं. चार वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी घरी येऊन तो रडला होता ते वेगळं, हे वेगळं होतं.

"कुनी इचारलं, येवढी उंच का गं फळी, तर मी म्हणायची, सून उंच हाय माजी," दगडाबाई सांगत होती. आता तिला थांबता येत नव्हतं. "ती मेल्यावर बी तेच म्हणत ऱ्हायली. खोटं बोलल्याली बाई काय करणार दुसरं? मला वाटलं हुतं, वरीस दोन वरीस सैपाकघर माज्या हाताखाली ऱ्हाईल, मग गुंडाला बोलवू, फळी खाली घिऊ. आज उद्या करत ऱ्हायलं."

"आन् ताट?" हरणाबाईनं विचारलं. "दर आवसंला तिचं ताट तितं वरच ठिवत हुता न्हवं? तिचा हात लागत न्हाई ते तुमास्नी ठावं हुतं."

"खाली ठिवलं असतं तर समद्यांनी इचारलं असतं," दगडाबाई म्हणाली. "खाली का, म्हणून."

हरणाबाईला चार वर्षांच्या अमावस्या दिसल्या. पोळी, वरण, भजी, वर ठेवलेली, आणि खाली टाचा उंचावून उभी असलेली चिमणीएवढी पोरगी. दोन वर्षं जिला ती भ्यायली, जिच्या नावानं घरातला प्रत्येक टोमणा खाल्ला, ती तिच्यासारखीच बुटकी होती, आणि तिच्यासारखीच डब्यावरून पडली होती. हरणाबाईनं गळ्यातला टाक मुठीत धरला आणि ती मोकळेपणानं रडली. सवतीसाठी कुणी असं रडत नाही. ती रडली.

कृष्णातनं हळूच विचारलं, "वैनी, पत्रा ठिऊ का काढू?"

"काढ," तिच्याऐवजी बिराप्पाच म्हणाला. "जुन्या लोकरीच्या खोलीत लाव त्यो. तिथं हाताचं काम न्हाई."

कृष्णात एरवी वाद घातल्याशिवाय राहिला नसता. त्यानं निमूट बोल्ट सोडायला घेतले. आक्काताई एकेक पत्रा बाहेर नेऊ लागली, दर खेपेला भिंतीला नमस्कार करत. पुन्हा सपाट झालेलं कपाट अंगणात गेलं.

हरणाबाईनं डोळे पुसले. "नाना," ती गुंडाला म्हणाली, "माजं माप घ्या."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्या चार रेघांच्या अगदी शेजारी, ओली माती लुगड्याला लागली तरी सरकली नाही. टाचा जमिनीला टेकवल्या, डावा हात पोटावर ठेवला आणि उजवा वर केला. गुंडानं काठी तिच्या अंगालगत धरली आणि कमरेचा चाकू काढला.

"थांब गुंडा."

दगडाबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली. काठीजवळ आली. सुनेच्या उंचावलेल्या हाताकडं तिनं मान वर करून बघितलं, मग आपलं एक बोट आडवं धरून त्या हाताच्या खाली काठीला लावलं.

"येवढं खाली घे," ती म्हणाली. "बना हिच्यापरीस बोटभर बुटकी हुती."

गुंडानं हरणाबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली. मग त्यानं म्हातारीच्या बोटाखाली चाकू धरला आणि खाच पाडली.